खुंट

पिंपळगावात माझा भाऊ दौलत द्राक्षाची कलमं भरतो.
जमिनीत क्षार फार,
म्हणून आधी डॉगरिजचा रानटी खुंट,
त्याला मुळं धरू द्यायची,
मग पोळ्याच्या आगेमागे त्यावर थॉमसनची काडी.
फट, पाचर, प्लॅस्टिकची पट्टी.
“खारं वर चढत नाही मग,” म्हणतो.
नाहीतर पानं करपतात. आधी कडाच.

मीही तीस वर्षं कलमंच भरत होते,
माझं रान दिसत नव्हतं एवढंच.

गंगापूर रोड, दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान.
सातव्या गुणसूत्रावरच्या एका लांबलचक वाक्यातून
तीन अक्षरं गळलेली.
दार तयार होतं, पण वाकडं,
आणि पेशी ते बसवायच्या आधीच भंगारात काढते.
मग मिठाला वाट नाही.
छातीत काकवीसारखा कफ,
आणि घाम असा की कपाळावर पांढरी रेघ वाळते.

अनुदान समितीत एक गृहस्थ म्हणाले,
हा आजार आपल्याकडे नसतो.
नसतो म्हणजे घाम कुणी मोजलेला नसतो.
सातपूरच्या मैथिली दातीरला तेव्हा
क्षयाच्या गोळ्यांचा नववा महिना चालू होता.

सर्दीचा विषाणू घेतला, त्याचे दात काढले,
पाठीवर अख्खं वाक्य बांधून धाडला.
पण फुफ्फुस ते फुफ्फुस.
ज्याला हाकलण्यात त्याचा जन्म गेला
त्याला टपाल्याचा गणवेश चढवला म्हणून
ते कडी काढेल?
दुसरा विषाणू. तिसरा.
वीज गेली की जिन्यावरून बर्फाची खोकी,
आणि मी फ्रीजरला पाठ लावून बसलेली,
जणू माझ्या पाठीनं गारवा राहणार होता.

एकदा राहिलं.
उंदराच्या नाकातला विद्युतदाब
एकोणीस दिवस निरोगी उंदरासारखा.
वहीत पुढची ओळ: विसाव्या दिवशी नाही.

मैथिली यायची घाम द्यायला.
तिची आई ओंजळ पालथी करून
तिच्या पाठीवर थापटायची, कफ सुटावा म्हणून,
भाकरी थापावी त्या सवयीनं, गप्पा मारत.
“तुमचा उंदीर बरा झाला का?”
झाला होता. एकोणीस दिवस.
तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.
“मग मला पण द्या ना एकोणीस.
दिवाळीच्या सुट्टीतले.”

अकराव्या वर्षी गेली, फेब्रुवारीत.
त्या तारखेला वहीत फ्रीजरचं तापमान दोनदा लिहिलंय.
उणे एकोणऐंशी.
उणे एकोणऐंशी.

पुढे परदेशात गोळ्या निघाल्या,
वाकडं दार सरळ करणाऱ्या.
माझी वाट नव्हे ती. तरी मी पेढे आणले.
किंमत वाचली आणि उरलेल्यांवर झाकण ठेवलं.
आणि ज्यांच्या पेशीत दारच बनत नाही,
त्यांचं गोळी काय सरळ करणार?

जूनमध्ये निवृत्त झाले. किल्ल्या कौसरकडे.
तिचं वाक्य आता चरबीच्या बारीक थेंबांतून जातं,
विषाणू नाही, दात नाहीत.
“मॅडम, बासष्टावा दिवस,” फोनवर सांगते,
आवाजात आनंद येऊ न देता.
हे मीच शिकवलं. चुकलं असेल.

दौलतच्या बांधावर बसून पट्ट्या कापून देते.
“शंभरात नव्वद धरतात,” तो म्हणतो. “तुझी?”
मी पट्टी कापते.
डिंक बोटाला चिकटतो, धुतला तरी राहतो.

परवा ओझरहून एका बाईचा फोन.
नंबर कुठून मिळाला, तिलाही सांगता येईना.
“बाळाची पापी घेतली. खारट लागली.
सासूबाई म्हणतात, काहीही असतं तुझं.”

काहीही नाही, म्हटलं. उद्या सकाळी आणा.
हातांना तेल लावू नका त्याच्या.
घाम मोजू.